रांगेत बसलेले गुरुजी

बनसोडे गुरुजींशी माझी ओळख वादातूनच झाली. दुसऱ्या कशातून त्यांची कुणाशी ओळख झाली असेल असं मला वाटत नाही. सोलापूरहून पहिल्या नेमणुकीवर मी त्या गावच्या शाळेत गेले, दारात उभी राहिले आणि म्हणाले, "नमस्कार, मी नवीन बाई." खुर्चीत एक काळेसावळे, ताठ मानेचे गृहस्थ बसले होते. त्यांनी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला, नाकावर ठेवला आणि विचारलं, "नवीन म्हणजे कधीपर्यंत?"

"म्हणजे?"

"आज तुम्ही नवीन. उद्याही नवीनच. पण पुढच्या वर्षी नवीन नसाल. म्हणजे मधल्या कुठल्या तरी दिवशी तुम्ही जुन्या होणार. तो दिवस कुठला? व्याख्या करा."

एस्टीच्या धुळीने माझे केस पांढरे झाले होते आणि घशाला कोरड पडली होती. मी म्हटलं, "आधी पाणी मिळेल का?" गुरुजी चटकन उठले. तांब्या हातात घेऊन क्षणभर थांबले, "मी भीमनगरचा," एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी पेला पुढे केला. त्यांनी अर्धा पेला पाणी दिलं. अर्धाच का, ते मला पुढच्या चार दिवसांत कुणी न सांगता कळलं.

गावाचं नाव मी सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि भांडणात तरबेज आहेत. लोहाऱ्याच्या अलीकडे, फाट्यापासून आत, एवढं पुरे. तालुका तेव्हा उमरगा होता. बहात्तरचा दुष्काळ चालू होता. नदीत वाळू आणि विहिरींत कबुतरं होती. धडधाकट माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात, आणि शाळेत सुकडी मिळे म्हणून पोरांची हजेरी कधी नव्हे इतकी चांगली होती. गुरुजी म्हणायचे, "दुष्काळ असाच राहिला तर आपला तालुका साक्षर होईल बघा."

गुरुजी निजामाच्या राज्यात चौथीपर्यंत उर्दूतून शिकलेले. पुढे मराठी शिकले, फायनल झाले, मास्तर झाले. पण 'दलील' आणि 'सबूत' हे दोन शब्द त्यांनी तिकडून आणले ते कायमचे. छप्पन सालानंतर भीमनगरातल्या घरांतले जुने देव उठले आणि देवळीत बुद्धाची तसबीर आली. त्या वेळी घरातले सगळे एका पायावर तयार होते. तरी गुरुजींनी त्यांच्याशी आठवडाभर वाद घातला म्हणे, आणि तोही दीक्षेच्या बाजूने. समोरच्याचं आपल्याशी एकमत आहे, ही त्यांना वाद थांबवायला पुरेशी सबब वाटत नसे.

त्यांची एक गोष्ट फाट्यावरच्या हॉटेलात अजून सांगतात. लोहाऱ्याची गाडी आली आणि कंडक्टर दारातून ओरडला, "फुल्ल हाय, फुल्ल!" गुरुजींनी पायरीवर एक पाय ठेवला. "फुल्ल म्हणजे काय? आधी ते ठरवू." मग त्यांनी त्याला समजावून दिलं, की खिडकीजवळच्या बाईच्या मांडीवरचं लेकरू प्रवासी धरलं तर गाडी मागच्या स्टॉपलाच फुल्ल झाली होती, आणि धरलं नाही तर ती अजून फुल्ल नाही. कंडक्टर नवखा होता. तो शेवटी हात जोडून म्हणाला, "तुमचं बरोबर हाय गुरुजी. माझं चुकलं." गुरुजींनी तृप्त होऊन चष्मा पुसण्यासाठी पाय खाली घेतला. तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी काढली. दुसऱ्या दिवशी शाळेत ते कंडक्टरने चूक कबूल केली इथपर्यंतच सांगत होते. पुढे लोहाऱ्यापर्यंत ते उन्हातून पायी गेले, हे शेवंतावहिनींनी सांगितलं.

शेवंतावहिनी म्हणजे गुरुजींच्या मंडळी. नवरा मास्तर असूनही त्या खडी फोडायला जात, कारण घरात खाणारी तोंडं फार होती. त्या बोलायच्या कमी, पण ज्या दिवशी बोलत त्या दिवशी गुरुजी जेवताना मान वर करत नसत. गुरुजींचा एकही वाद त्यांनी कधी शेवटपर्यंत ऐकला नाही. त्या मधेच उठून कामाला लागायच्या आणि गुरुजी भिंतीकडे बघून वाद पूर्ण करायचे.

आता पाण्याचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय गुरुजी कळणार नाहीत.

विविध कार्यकारी सोसायटीच्या गोदामाशेजारी सिमेंटची एक टाकी होती. टँकर यायचा, ती भरायचा आणि सोसायटीचे बाशाभाई तोटी सोडायला बसायचे. टँकर सकाळी येतो एवढं सगळ्यांना माहीत होतं, पण कुठल्या सकाळी, हे तालुक्यालाही माहीत नसावं. म्हणून रांग कायम लागलेली असे आणि रांगेत माणूस नसे. घागरी, कळशा, डालड्याचे डबे, बुडाच्या भोकाला चिंधीची गुंडाळी लावलेल्या बादल्या, आणि ज्याच्याकडे जास्तीचं भांडं नाही त्याचा ओळखीचा दगड नाहीतर चप्पल. वस्तू ठेवली की माणूस उभा आहे असं धरायचं. ठेवलेली वस्तू दुसऱ्याने हलवायची नाही. आपली आपण उचलली तर नंबर गेला. टाकीतलं पाणी संपलं की उरलेली भांडी तिथंच, पुढचा टँकर येईतो. या नियमांवरून गावात कधी भांडण झालं नाही. इतर प्रत्येक गोष्टीवरून झालं.

आणखी एक गोष्ट होती, ती कुणी बोलून दाखवत नसे. रांगा दोन होत्या. गावाची टाकीपासून गोदामाच्या भिंतीकडेने जायची. भीमनगरची अंगणातल्या कडुलिंबापासून सुरू व्हायची. गावाची रांग सरली की मग भीमनगरला तोटी मिळायची. सरली तर. ती क्वचितच सरे, आणि मग भीमनगरच्या बाया दिवसभर खडी फोडून नदीत जात, वाळूत झरे उकरत आणि वाटीवाटीने पाणी उपसत बसत. माझी कळशी घरमालकिणीने गावाच्या रांगेत लावली होती.

हे बदलायचं असं गुरुजींनी ठरवलं होतं. बदलण्याचा त्यांना ठाऊक असलेला मार्ग एकच होता. सोसायटीचे चेअरमन अप्पा गोदामाच्या ओट्यावर येऊन बसले की गुरुजी समोर उभे राहत. "अप्पा, दलील ऐका." अप्पा ऐकत. मोठा फेटा, मोठं पोट आणि आवाज बारीक असा माणूस. मनाने वाईट नव्हता, पण चारचौघांत हरणं त्याला झेपत नसे. गुरुजी सोसायटीच्या नियमांपासून राज्यघटनेपर्यंत सगळं मांडत. "भीमनगरची माणसं सोसायटीचे सभासद आहेत का? आहेत. टाकी सोसायटीची आहे का? आहे. मग रांगा दोन कशा?" अप्पा मान हलवत. "पटलं गुरुजी. लई पटलं." आणि दुसऱ्या दिवशी रांगा दोनच. तहसीलदार आले, त्यांनाही पटलं. ते म्हणाले, "तत्त्वतः मान्य." गुरुजी घरी येऊन म्हणाले, "शेवंता, तत्त्वतः जिंकलो." वहिनींनी रिकामा रांजण आडवा करून पुसायला घेतला होता. त्या आतूनच म्हणाल्या, "मग च्या बी तत्त्वतः करून देते."

एकदा मात्र गुरुजींनी कमाल केली. टाकी भरलेली, दोन्हीकडे बाया उभ्या आणि गुरुजींनी अप्पांना अशा कोपऱ्यात गाठलं, की अप्पांच्या तोंडून सगळ्यांसमोर निघून गेलं, "मग मी काय लबाड हाय व्हय?" गुरुजी म्हणाले, "लबाडची व्याख्या करा." बाया हसल्या. गावाच्या बायाही हसल्या. अप्पा उठले, तोटीला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावून घरी गेले. त्या दिवशी कुणालाच पाणी मिळालं नाही. संध्याकाळी भीमनगरच्या बाया गुरुजींच्या दारात येऊन बसल्या. गुरुजींना दलील सुचेना. मला वाटतं, त्यांना आतून धक्का बसला तो तेव्हा.

त्याच सुमारास भीमनगरच्या पत्र्याच्या विहारात एक म्हातारे भन्ते वर्षावासाला आले. पावसाळ्याचे महिने एका जागी राहायचं म्हणून आले आणि पाऊस काही आला नाही, तेव्हा निघायचं कधी हे त्यांना कळेना, म्हणून राहिलेच. तरुणपणी ते कुठल्या तरी जपानी साधूच्या सोबत राहिले होते. शिष्य फार बोलायला लागला की त्याला एक कोडं घालायचं आणि उत्तर सापडेतो श्वासाकडे लक्ष देऊन बसवायचं, ही त्या साधूची रीत. कोड्याला शहाणं उत्तर नसे. शहाणपण थकवण्यासाठीच ते असे. भन्त्यांनी गावात पाऊल टाकल्यावर त्यांना पहिले भेटले ते गुरुजी. दोन तास ऐकून घेतल्यावर भन्त्यांनी विहाराच्या खिडकीतून सोसायटीच्या अंगणाकडे बोट केलं.

"गुरुजी, ती रांग बघा. त्यात माणूस एकही नाही. तरी रांग आहे. मग रांगेत कोण उभं आहे?"

"सोपं आहे," गुरुजी म्हणाले. "प्रतिनिधी. लोकशाहीत जसा..."

"हे डोक्यातून आलं. बसा. श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढं बघा. मग सांगा."

झालं. गुरुजींना पहिल्यांदाच असा माणूस भेटला होता जो वादात शिरत नव्हता आणि हरतही नव्हता. ते दुसऱ्या दिवशी गेले आणि म्हणाले, "भन्ते, रांगेत व्यवस्था उभी आहे." भन्ते म्हणाले, "बसा." तिसऱ्या दिवशी, "रांगेत तहान उभी आहे." हे उत्तर मला तर फार आवडलं होतं. भन्ते म्हणाले, "छान आहे. कुणाला सांगायला तयार केलंत?" गुरुजींचा चेहरा पडला. मग "रांगेत कुणीच नाही" झालं, "रांग हाच भास" झालं, एकदा तर "रांगेत मीच उभा आहे" असंही सांगून आले. त्यावर भन्ते नुसते हसले आणि त्यांना पुढचा महिनाभर उत्तर घेऊन यायची बंदी केली.

गुरुजींचं ध्यान हा बघण्यासारखा प्रकार होता. मधल्या सुट्टीत ओसरीवर मांडी घालून डोळे मिटून बसत. अंग स्थिर, हात मांडीवर, आणि भुवया मात्र वाद घालायच्या. डावी मुद्दा मांडायची, उजवी खोडून काढायची. मधेच ओठ हलत. एकदा तर डोळे मिटलेलेच असताना बोट वर करून ते मोठ्याने म्हणाले, "सबूत काय?" पोरं हसून लोळली. गुरुजींनी एक डोळा उघडला आणि मला विचारलं, "मी मोठ्याने बोललो का?" मी हो म्हटलं. "मग विचार थांबला म्हणायचा. बाहेर पडला तो." असं म्हणून त्यांनी तो डोळा पुन्हा मिटला.

पुढे त्यांनी वर्गालाही बसवायला सुरुवात केली. एकदा शाळा तपासायला साहेब आले तर सगळा चौथीचा वर्ग डोळे मिटून बसलेला, गुरुजीही. साहेबांनी खाकरून विचारलं, "हा कुठला तास?" गुरुजी म्हणाले, "विचार न करण्याचा." साहेब जरा वेळ उभे राहिले, मग मागच्या बाकावर बसले आणि तेही घोरायला लागले. जाताना शेरा चांगला देऊन गेले.

हसू यायचं, पण मला त्यांची काळजीही वाटायची. ते सुकले होते. "बाई," एकदा ते म्हणाले, "मी बोललो की पाणी बंद होतं, आणि गप्प बसलो की आत गोंधळ सुरू होतो. मी करायचं काय?" त्यांनी मला व्याख्या मागितली नाही, हे माझ्या लक्षात आलं. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी.

मग ती सकाळ आली.

आदल्या खेपेला भीमनगरला थेंबभरही मिळालं नव्हतं. वैतागून तिथल्या सगळ्या बायांनी आपली भांडी उचलून नदीच्या झऱ्यांवर नेली होती, त्यामुळे कडुलिंबाखाली रांग अशी उरलीच नव्हती. इकडे गावाची रांग वाढत वाढत गोदामाच्या कोपऱ्यावरून वळली होती. उन्हात भांडी तापतात म्हणून बायांनी ती सावलीच्या आशेने कडुलिंबापर्यंत आणून सोडली होती. उजाडता उजाडता शेवंतावहिनींनी गुरुजींना सांगितलं, "जावा, नंबर लावून या." घरची घागर गळत होती म्हणून डाग द्यायला दिलेली. वहिनींनी दाराशी डालड्याचा डबा काढून ठेवला होता. गुरुजी निघाले, पण डबा दाराशीच राहिला. डोक्यात कोडं. पायांनी त्यांना नेहमीच्या जागी, कडुलिंबाखाली नेलं. तिथं पोचल्यावर हातात काही नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं किंवा नसावं. ते समोरच्या घागरीमागे, घागरीइतकीच जागा घेऊन, मांडी घालून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. ती घागर गावाच्या रांगेतली शेवटची होती.

थोड्या वेळाने भीमनगरच्या बाया आल्या. गुरुजी बसलेले दिसले. आपली रांग इथून, असं समजून त्यांनी त्यांच्यामागे भांडी लावली आणि त्या परत गेल्या. शेवंतावहिनीही डबा ठेवून गेल्या. मग गावातून उशिरा उठलेल्या बाया आल्या. रांगेचं शेपूट दिसलं तिथं त्यांनी आपली भांडी लावली. मग पुन्हा भीमनगरची कुणी, पुन्हा गावातली. डालड्याच्या डब्यावरून कुणाला काय कळणार?

कळलं ते टँकर आल्यावर, जेव्हा प्रत्येक भांड्यामागे त्याची बाई येऊन उभी राहिली, माझ्या कळशीमागे मीही. मग अप्पांच्या घरच्या रुक्मिणीकाकू, ज्या उशिरा उठणाऱ्यांत होत्या, ओरडल्या, "ह्या मधी कशा घुसल्या?"

"मधी कुठं?" भीमनगरची एक म्हणाली. "आमी आदी लावलंय. तुमीच आमच्या मागं आलाव."

"काडा ती भांडी!"

"आमी उचललं तर आमचा नंबर जाईल. तुमी काडा."

रुक्मिणीकाकू तरातरा पुढे आल्या. त्यांचा हात शेवंतावहिनींच्या डब्यापर्यंत गेला आणि वितभर अंतरावर थांबला. का थांबला हे तिथल्या प्रत्येकीला कळलं. शेवंतावहिनी डब्यामागे उभ्या होत्या. त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "उचला की काकू. लावा हात."

काकूंनी हात मागे घेतला आणि पदराला पुसला, तसं त्याला काही लागलेलं नसताना.

कुणी तरी अप्पांना बोलावून आणलं. अप्पांनी रांग बघितली, बायको बघितली आणि मग रांगेत मध्यावर, घागरींमध्ये, मांडी घालून बसलेले गुरुजी बघितले. एवढा गलका झाला तरी त्यांनी डोळे उघडले नव्हते. ध्यानात होते की त्यांना डुलकी लागली होती, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. एक गोष्ट मी पाहिली. त्यांच्या भुवया हलत नव्हत्या.

"गुरुजी," अप्पांनी हाक मारली. "ओ गुरुजी!"

गुरुजींनी डोळे उघडले.

"ह्यो काय परकार हाय? तुमी हितं जाणूनबुजून बसलाव, का चुकून?"

अप्पा काही फार हुशार नव्हते, पण हा प्रश्न त्यांच्या तोंडून बिनतोड निघाला. जाणूनबुजून म्हणावं तर भांडण, आणि भांडण म्हणजे तोटीला कुलूप. किल्ली त्यांच्या हातात दिसतच होती. चुकून म्हणावं तर मग उठा, आणि तुमच्यामागच्या साऱ्या उठा. गुरुजींनी मागे वळून पाहिलं. इतका वेळ आपण कुठं बसलो आहोत हे त्यांना तेव्हा समजलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून सांगते. पुढे गावाची घागर, मागे भीमनगरचा डबा, त्यामागे गावाची कळशी. असा मुद्दा त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता. सबूत समोर रांगेत मांडून ठेवलेला होता. त्यांचे डोळे चमकले, पाठ ताठ झाली आणि तोंड उघडलं.

शेवंतावहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. भीमनगरच्या सगळ्याच बघत होत्या. मला 'दलील' हा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला दिसला. डावी भुवई वर चढली. उजवी चढायला निघाली.

आणि खाली आली. गुरुजींनी तोंड मिटलं. त्यांनी अप्पांकडे पाहिलं, रागाने नाही की विनवणीनेही नाही. घागरी बघितल्या तसं बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

अप्पा थांबले. वाद घालणाऱ्या गुरुजींशी कसं वागायचं याची अप्पांना वर्षानुवर्षांची सवय होती. गप्प गुरुजींची सवय गावात कुणालाच नव्हती. अप्पांनी फेटा सारखा केला. खाकरले. हरवायला समोर कुणी नव्हतं, तसं त्यांना हरवणारंही कुणी नव्हतं. टाकीपाशी रांगेतली पहिली बाई कुरकुरली, "अवो, सोडा की पाणी, आमचा काय गुन्हा?" तिच्यामागची म्हणाली, "भांडायचं ते मागं भांडा." अप्पांना वाट सापडली. बारीक आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "गुरुजी ध्यानाला बसल्यात. ध्यानातल्या मानसाला उठवू न्हाई. बाशाभाई, तोटी सोड."

रुक्मिणीकाकूंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्या दिवशी अप्पांच्या घरी जेवण झालं असेल का याची मला शंका आहे.

रांग सरकू लागली. प्रत्येक बाई आपलं भांडं हाताने पुढे ढकलायची, आणि गुरुजी डोळे मिटूनच दोन्ही हात जमिनीला टेकून तेवढेच पुढे घसरायचे. मागचीने डबा सरकवला की थांबायचे. आधी हसू दाबलं गेलं, मग फुटलं. गावाच्या आणि भीमनगरच्या बाया एकमेकींकडे बघून हसल्या, आणि हसून झाल्यावर आपण कुणाकडे बघून हसलो हे लक्षात येऊन इकडेतिकडे बघायला लागल्या. गुरुजींचं धोतर मातीने लाल झालं होतं. असे ते टाकीपर्यंत पोचले. तोटीवर बसलेल्या बाशाभाईंनी विचारलं, "गुर्जी, बर्तन किधर है?"

गुरुजींनी डोळे उघडले, आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि ओंजळ पुढे केली. बाशाभाईंनी तोटी थोडी सोडली. गुरुजी घटाघटा प्याले. पाणी कोपरावरून ओघळून सदऱ्यात गेलं. मग ते उठले, धोतर झटकलं आणि एक अक्षर न बोलता घराकडे चालू लागले. मागून शेवंतावहिनींचा डबा भरला. तो डोक्यावर घेऊन त्या गुरुजींच्या मागे निघाल्या. मला रडू आवरलं नाही, आणि माझी कळशी केव्हा भरली ते बाशाभाईंनी मला हाक मारून सांगितलं.

गावाने नंतर रांगा पुन्हा दोन करायच्या ठरवल्या होत्या, नाही असं नाही. पण त्या दिवशी पाणी संपलं तेव्हा उरलेली भांडी सरमिसळ उभी होती. ती उचलायला कुणी तयार नव्हतं आणि नवी मागेच लागणार. रांग एकदा पूर्ण सरली असती तर पुन्हा दोन मांडता आल्या असत्या. त्या दुष्काळात ती सरलीच नाही.

गुरुजी दुसऱ्या दिवशी विहारात गेले तेव्हा मीही सुकडीचं पातेलं द्यायला तिथं गेले होते. भन्त्यांनी विचारलं, "काय गुरुजी, रांगेत कोण उभं आहे?" गुरुजी म्हणाले, "भन्ते, घागर डाग द्यायला टाकलीय, तेवढी घेऊन यितो." आणि गेले. विहारात, भन्त्यांसमोर, ते घरच्या बोलीत बोललेले मी पहिल्यांदा ऐकले. भन्ते डोळ्यांत पाणी येईतो हसले. "बसा" म्हणायचं ते विसरले की त्यांनी टाळलं, कोण जाणे. ते लवकरच गाव सोडून गेले.

मीही एकदा धीर करून विचारलं, "गुरुजी, खरं सांगा. तुम्ही मुद्दामच तिथं बसला होता ना?"

त्यांनी चष्मा पुसला. "बाई, मुद्दाम बसलो असतो तर भाषण केलं नसतं का?"

वाद त्यांनी सोडला असं कुणी समजू नये. पोस्टमन, वाणी, मी, कुणी सुटलो नाही. फक्त बोलता बोलता ते मधेच थांबायचे, समोरच्याचं ऐकायचे, आणि कधी कधी ते पटलं म्हणून खूश व्हायचे. ते बघून शेवंतावहिनी वाद शेवटपर्यंत ऐकायला थांबू लागल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. पाऊस पडून गेला होता, पण विहिरींना अजून धड पाणी नव्हतं आणि टँकर चालूच होता. मला घेऊन जाणारी जीप सोसायटीच्या अंगणासमोर थांबली, ड्रायव्हरला पाणी प्यायचं होतं. अंगणात आवाज चढले होते. रुक्मिणीकाकू आणि शेवंतावहिनी कमरेवर हात देऊन समोरासमोर उभ्या होत्या.

"ए शेवंते, माज्या मागचा नंबर हाय तुजा!"

"मागचा न्हाई, म्होरचा! डोळं हायती का न्हाईत?"

"तुजेच फुटल्यात! सरक मागं!" असं म्हणून काकूंनी शेवंतावहिनींची घागर दोन्ही हातांनी धरून मागे ओढली. वहिनींनी ती पुढे ओढली. दोघींचे हात एकाच घागरीवर, दोघी तार स्वरात ओरडत होत्या, आणि रांगेतल्या बाया निम्म्या हिच्या बाजूने, निम्म्या तिच्या. कोण कुठल्या वस्तीची आणि कोण कुणाची बाजू घेते आहे, याचा काही मेळ लागत नव्हता.

गुरुजी त्यांच्या मागेच आपली कळशी घेऊन उभे होते. दोघींनी एकदमच त्यांच्याकडे वळून विचारलं, "गुरुजी, तुमीच सांगा, म्होरं कोण?" गुरुजी म्हणाले, "मी तुमच्या दोघींच्या मागं हाय, तेवढं मला ठाऊक हाय." बाया हसल्या.

तेवढ्यात त्यांना जीपमधली मी दिसले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली होती. मी हात हलवला. त्यांनीही हात वर केला, पण रांग पुढे सरकली आणि मागची बाई ओरडली, म्हणून गुरुजी कळशी सरकवायला खाली वाकले.